जाळी, तवा आणि जयणा

पुण्याहून दिवाळीच्या सुटीसाठी आलेल्या नातवाने गाडीच्या डिकीतून एक काळी, गोल, तीन पायांची शेगडी काढून अंगणात ठेवली, तेव्हा घरातील लहानथोर तिच्याभोवती गोळा झाले. कोळशावर चालणारी, एका हाताने उचलून कोठेही नेता येणारी ही वस्तू त्याने एका मित्राकडून निम्म्या किमतीत घेतली होती. नाताळच्या सुटीत सारे कुटुंब गणपतीपुळ्याजवळच्या एका वाडीत दोन दिवस राहणार होते. तेथे पनीर, कच्च्या केळ्यांचे काप, ढोबळी मिरची आणि मक्याची कणसे भाजण्याचा बेत ठरला होता. बा पायरीवर बसून हे पाहत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यावर आधी काय भाजलं होतं रे?"

नातू खोटे बोलणारा नव्हता. तो गप्प राहिला. बांनीही पुढे काही विचारले नाही. "तुम्ही मजा करा. मी माझ्यासाठी खाकरे घेईन," एवढे म्हणून त्या आत गेल्या.

रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावी तीन पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना खाकऱ्याचा हा डबा नवा नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात रोज मासळी उतरते. शेजारधर्म, गिऱ्हाइकी, मैत्री हे सारे तेथील माणसांशीच असते, आणि त्यात कधी कटुता येत नाही. फक्त ताटाची वेळ आली, की घरातील वडीलधारे माणूस कोणालाही न दुखावता आपला डबा उघडते. या खेपेस मात्र डबा घरच्याच सहलीत उघडला जाणार होता, आणि ही गोष्ट दादांना रुचली नाही.

नातवाने उपाय सुचवला. जाळी कडक विस्तवावर तासभर तापवली, तर तिच्यावरील तेलतुपाचा, चरबीचा प्रत्येक कण जळून जातो, मग उरते ते निव्वळ लोखंड, असे त्याचे म्हणणे होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण बांच्या मनातील शंका रसायनाची नव्हती. ज्या जाळीवर एका जिवाचे शरीर भाजले गेले, तिच्यावरचा घास त्यांच्या गळ्याखाली उतरला नसता. दादांनी वाद घातला नाही. "जाळीच बदलू," ते म्हणाले. नातवाला हे अवघड वाटले, कारण त्या कंपनीचे सुटे भाग रत्नागिरीत मिळत नव्हते. पण शेगडीची जाळी बदलणे ही आपल्याकडे काही आजची कला नव्हे.

घरोघर गॅस येण्यापूर्वी लोखंडी पत्र्याची, आतून मातीने लिंपलेली बादलीसारखी शेगडी सर्वत्र असे. तिच्या पोटात कोळसा तोलून धरणारी बिडाची जाळी दर काही वर्षांनी झिजे, तिचे गज पातळ होऊन तुटत आणि निखारे खाली राखेत पडू लागत. तेव्हा कोणी शेगडी टाकून देत नसे. भांड्यांच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानातून मापाची जाळी आणून आत बसवली जाई आणि शेगडी पुन्हा कामाला लागे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर शेगडीचा बहुतेक सारा घसारा जाळीवरच पडतो, अंगाला तो नाममात्र लागतो. नव्या पद्धतीच्या सहलीच्या शेगडीलाही हाच न्याय लागू आहे. तिच्यात जाळ्या दोन असतात. खालची कोळसा धरते, वरची पदार्थ. खालची थेट निखाऱ्यांत असल्यामुळे आधी जाते. वरची निखाऱ्यांनी कमी आणि रत्नागिरीच्या हवेने अधिक जाते. समुद्राचा खारा वारा आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, यांपुढे बाजारी जाळीवरचा क्रोमचा चकचकीत मुलामा फार काळ टिकत नाही. एकदा तो पापुद्र्यासारखा सुटू लागला, की तेच कण भाजलेल्या पदार्थाला चिकटतात. नातवाच्या शेगडीची वरची जाळी त्याच अवस्थेत होती. बांनी प्रश्न विचारला नसता, तरी ती बदलावीच लागली असती.

दादांचे दुकान हार्डवेअरचे. नातू दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला आणि जाळीच्या गुंडाळीतून एक चौरस कापून घेऊन आला. खिडक्यांना, कुंपणांना लावतात ती वेल्डमेश जाळी. स्वच्छ, कोरी, चांदीसारखी चमकणारी आणि घरच्याच दुकानातील, म्हणजे जवळजवळ फुकट. दादांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि बाजूला ठेवली. "ही नाही चालणार. जस्ती आहे."

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण ही चूक अनेक घरांत होते. जस्ती जाळी म्हणजे लोखंडी तारेवर जस्ताचा थर. पावसापासून लोखंड वाचवण्याचे काम तो उत्तम करतो, पण विस्तवाशी त्याचे जमत नाही. सतत दोनशे अंश सेल्सियसच्या वर तापू लागला, की तो हळूहळू सुटू लागतो. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. फुललेला कोळसा सात-आठशे अंशांपर्यंत सहज जातो, वारा मिळाला तर त्याहूनही वर. तापलेल्या जस्ताची वाफ हवेत मिसळली, की तिचा पांढरा धूर होतो. जस्ती पाइपांचे वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना अशा धुरामुळे संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे त्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. शिवाय लिंबू, दही, टोमॅटो यांचा आंबटपणा जस्त विरघळवतो, आणि भाजावयाच्या पदार्थांना आपण नेमके हेच चोळतो. पोटात गेलेल्या अशा जस्तामुळे मळमळ आणि उलट्या होतात. हीच गोष्ट जुन्या फ्रिजमधील तारांच्या कप्प्यांची. ते मापाला बरोबर बसतात म्हणून शेगडीवर ठेवण्याचा मोह होतो. पण त्यांपैकी काहींवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, आणि कॅडमियम हे जस्तापेक्षा कितीतरी अधिक घातक विष आहे.

त्या रात्री दादांना झोप लागली नाही, ती मात्र नातवाच्या जाळीमुळे नव्हे. चाळीस वर्षे ते ही जाळी विकत आले होते. कणसे भाजणारे, किनाऱ्यावर टपऱ्या लावणारे कितीतरी लोक ती हात-दोन हात कापून नेत. कशासाठी, हे दादांनी कधी विचारले नव्हते. बंदराच्या गावात तसे विचारण्याची गरज नसते, आणि खरे सांगावयाचे तर न विचारण्यात सोय होती. उत्तर 'मासळी भाजायला' असे आले असते, तर माल द्यावयाचा की नाही, हे ठरवावे लागले असते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी दादांना प्रतिक्रमणातून मुखोद्गत होती. कोळसा पाडण्याचे अंगारकर्म तीत पहिलेच आहे, आणि या घरात कोळशाचा धंदा कोणी कधी केला नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचे काय, याचे उत्तर त्या यादीत नव्हते. नातवाच्या ताटाखाली जी जाळी चालत नाही, ती गिऱ्हाइकाच्या ताटाखाली चाळीस वर्षे चालली होती.

सकाळी त्यांनी दुकानात जाळीच्या गुंडाळीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला. 'विस्तवावर वापरू नये. जस्ताचा मुलामा आहे.' मुलाने कपाळाला हात लावला.

"दादा, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून नेईल."

"नेऊ दे. कळल्यावर तरी नेईल."

"आणि मासे भाजायला मागितली तर?"

"कणसं भाजायला मागितली तरी नाही द्यायची. जस्त दोघांच्याही पोटात सारखंच जातं."

मुलाचे समाधान झाले नाही. मासळी भाजणाऱ्यास सुरक्षित जाळी कोठे मिळेल हे सांगणे म्हणजे त्या कामाला हातभार लावणेच, असा त्याचा मुद्दा होता, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. दादांचे म्हणणे असे, की कोणी काय खावे हे त्याच्या हाती नाही, पण आपल्या दुकानातून कोणाच्या पोटात विष जाऊ नये हे आपल्या हाती आहे. हा वाद त्या घरात अजूनही मिटलेला नाही. पुठ्ठा मात्र तेथेच आहे.

आता योग्य जाळीविषयी. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत ग्रिल-दरवाजे बनवणाऱ्या एका कारागिराकडे दादा नातवाला घेऊन गेले. अन्नासाठी स्टेनलेस स्टील घ्यावयाचे ते ३०४ प्रतीचे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाजारात त्याच चकाकीचे २०२ प्रतीचे स्टील स्वस्तात मिळते. त्यात निकेल निम्म्याच्या आसपास असून त्याची जागा मँगेनीजने घेतलेली असते. खाऱ्या हवेत त्याच्यावर लवकर तांबूस डाग पडतात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे पुष्कळजण मानतात. परंतु चुंबक २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेवर विसंबणे व्यर्थ आहे. रसायनाचा थेंब टाकून प्रत ओळखण्याचा संच कारागिरांकडे असतो, नाहीतर माल ओळखीच्या व्यापाऱ्याकडून पावतीसह घ्यावा.

माप घेताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. धातू तापला की वाढतो. ३५ सेंटिमीटर व्यासाची ३०४ स्टीलची जाळी चारशे अंशांनी तापली, तर तिचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. जाळी शेगडीच्या काठात गच्च बसवली, तर ती तापल्यावर फुगून वाकते किंवा अडकून बसते. म्हणून तिचा व्यास चार-पाच मिलिमीटर कमीच ठेवावा. सहा मिलिमीटरचे गज, दोहोंमध्ये एक सेंटिमीटर अंतर, आडव्या पट्ट्या खालच्या बाजूने आणि वेल्डिंग आर्गॉनचे, एवढे सांगितले की कारागीर पुढचे समजतो. केळ्याचे काप या अंतरातून खाली पडत नाहीत. खालची, कोळशाची जाळी मात्र स्टीलची करण्याची चैन अनावश्यक आहे. साध्या लोखंडी सळईची, आठ मिलिमीटर जाडीची पुरते. ती झिजणारच, तेव्हा स्वस्तात झिजावी.

वरची जाळी मात्र पूर्ण गोल न करता अर्धीच केली. उरलेल्या अर्ध्या भागावर तवा, ही कल्पना सूनबाईंची. बांना भाजीपेक्षा घावन प्रिय. तांदळाच्या पिठाचे हे पातळ घावन आंबवावे लागत नाही, पीठ कालवले की लगेच तव्यावर घालता येते. रात्रभर आंबवलेले वासी पीठ न चालणाऱ्या घरांत अंबोळीऐवजी घावन रुजले, ते यामुळेच. पाच मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचा अर्धवर्तुळाकार तवा बनवला, तर त्याचे वजन सुमारे एक किलो नऊशे ग्रॅम भरते. याहून पातळ पत्रा विस्तवावर वाकतो आणि घावनाचे पीठ एका कडेला जमते. संपूर्ण शेगडी झाकणारा तवाही करू नये. कोळशाला हवा मिळाली नाही, तर तो धुमसत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक सोडतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत कधीही पेटवू नये, ते याच वायूच्या भयाने. त्याला ना रंग आहे ना वास.

डबीच्या गॅसवर चालणारी छोटी सपाट शेगडी वापरणाऱ्यांनी तर तव्याच्या मापाबाबत अधिकच दक्ष असावे. तिच्यात गॅसची डबी बर्नरच्या शेजारीच बसते. मोठा तवा डबीच्या कप्प्यावर आला, की त्याची उष्णता खाली परतते, डबी तापते आणि फुटू शकते. सहलीत दहा माणसांसाठी एकदम पोळ्या भाजण्याच्या घाईत हा विचार कोणाच्या मनात येत नाही. तवा बर्नरच्या बाजूलाच राहील, कप्प्यावर येणार नाही, एवढे माप आधी घरीच पाहून ठेवावे.

नवा तवा तयार करणे हे काम बांनी स्वतःकडे घेतले. कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यावर काळी खवली असते. ती कारागिराने घासून काढली होती. बांनी तवा धुऊन, विस्तवावर पूर्ण वाळवून त्याला तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि धूर येऊन थांबेपर्यंत तापवला. असे चार वेळा केले. कोकणात या कामाला हाताशी असते म्हणून खोबरेल वापरतात. परंतु तापल्यावर घट्ट थर धरण्याचा गुण खोबरेलात फार कमी आहे, म्हणून तवा चिकट राहतो. तिळाचे, शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल त्या मानाने चांगला थर धरते. घावन घालण्यापूर्वी तव्यावर तेल फिरवण्यासाठी कोकणात अर्धा कांदा टोचून वापरण्याची रीत आहे. आपल्या घरांत ती चालत नाही. नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवली, की तेच काम होते, किंबहुना तेल अधिक सारखे पसरते.

आयंबिलाच्या ओळीत मात्र हा तवा उपयोगाचा नाही. ज्या तव्याच्या अंगात तेल मुरले आहे, त्याच्यावर विगईरहित आहार कसा करावा, ही शंका बांनी पूर्वीच सोडवून ठेवली आहे. आयंबिलाचा तवा वेगळा, कोरडा, कपाटाच्या वरच्या फळीवर. इतरांच्या घरी काय करावे, हे त्यांनी आपापल्या गुरुमहाराजांना विचारावे, असे त्या सांगतात.

नाताळच्या सुटीतील तो दिवस उजाडला. डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. जाड कोळशावर राख धरण्यास अर्धा तास, तवा तापण्यास पंधरा मिनिटे, दहा जणांचे भाजणे आणि चौविहार करणाऱ्यांचे जेवण, हे सारे मागे मोजत गेले, की शेगडी चार वाजताच पेटवावी लागते. नातवाच्या मित्रांना भर उन्हात शेगडी पेटवण्याची गंमत वाटली असती. येथे ती कोणालाच वाटली नाही. पेटवण्यापूर्वी बांनी पिशवीतून पूंजणी काढली. गॅरेजमध्ये दोन महिने पडलेल्या शेगडीच्या पोटात, पायांच्या सांध्यांत कोळ्यांची जाळी होती. ती त्यांनी हलक्या हाताने सोडवून झुडपाकडे नेली. प्रत्येक कोळसा उचलून, झटकून, भेगा पाहून मगच आत ठेवला. कोळसाही मोजकाच घेतला होता, कारण उरलेला विस्तव पाणी ओतून विझवणे त्यांना मान्य नव्हते. तो आपोआप राख व्हावा एवढाच असावा.

पनीरला लावण्याचे दही सूनबाईंनी आधी गरम करून घेतले होते. बाजारी कृतीत कच्च्या दह्यात बेसन कालवतात. ते द्विदल होते आणि पंगतीत नेमके हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. झाकण घरीच ठेवले होते. बांनी त्याविषयी विचारले आणि 'आणलंच नाही' हे ऐकून मान हलवली.

साडेपाच वाजता पहिला घावन सुटला. तो तव्याला चिकटून फाटला, दुसराही फाटला, तिसरा अखंड निघाला. तो नातवाने बांच्या ताटात ठेवला. बांनी सूर्याकडे एकवार पाहिले आणि खाण्यास सुरुवात केली. नंतर त्यांनी केळ्याचे दोन काप मागून घेतले. खाकऱ्याचा डबा पिशवीतच राहिला, आणि तो तसाच परत आला, हे दादांनी पाहिले. ते काही बोलले नाहीत.

परतल्यावर बांनी जाळी आणि तवा घासून, वाळवून, तेलाचा हात देऊन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. रत्नागिरीच्या पावसात उघड्या लोखंडावर गंज चढतो आणि ओलसर कोपऱ्यात बुरशी धरते. पुढे ती पुसून काढण्यापेक्षा होऊच न देणे बरे. दुसऱ्या दिवशी पुण्यास निघताना नातू गुंडाळी उचलू लागला, तेव्हा बांनी तिच्यावर हात ठेवला.

"शेगडी घेऊन जा. जाळी आणि तवा इथेच राहू दे."

"बा, मग मी शेगडीवर ठेवू काय?"

बांनी दादांकडे पाहिले. दादांनी खिशातून फोन काढला. मिरजोळ्याच्या कारागिराकडे माप होतेच.